मेलेली बटणं

रविवारी दुपारी आमच्या घरात मारामारी चालायची. थडग्यातून उठलेले सांगाडे, लोखंडी दातांचे लांडगे, वाटमारी करणारे दरोडेखोर, सगळे माझ्या कटिंगच्या टेबलावर मरायचे. मारणारी कॉलेजची पोरं, आणि त्यात माझी मुलगी. मी पडद्याच्या आत स्वयंपाकघरात भाकरी थापत ऐकायचे. कुणाचं मुंडकं उडालं की बाहेर आरडाओरडा व्हायचा आणि माझा हात पिठावरच थांबायचा.

हा खेळ मुलीनं कॉलेजातून आणला. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी लढणारा. गोष्ट चालवणारा सांगतो की समोर हे असं आलंय, आणि मग विचारतो, तू काय करतेस? आपण म्हणायचं, मी हे करते. ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. फाशाला वीस तोंडं. गोष्ट माझी मुलगी चालवायची, म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणायचे.

मी घरी शाळेचे शर्ट शिवते. नवी पेठेतल्या एका दुकानातून कापड येतं, कटिंग, शिलाई, काजबटण करून परत जातं. पोरांना माझं टेबल आवडायचं कारण ते मोठं होतं. एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं, जिन्यातून वर घेताना दाराची चौकट खरवडली होती. त्यावर ते टेलरच्या खडूनं किल्ले आणि भुयारं काढायचे. पांढरी बटणं म्हणजे ते स्वतः. खाकी बटणं म्हणजे शत्रू. खेळ झाला की ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायचे आणि माझे कापडाचे गठ्ठे होते तिथं परत ठेवायचे.

मालक, म्हणजे माझा नवरा, रविवारी जेवून पत्ते खेळायला जायचे ते दिवेलागणीला यायचे. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मालक मारायचे. आमच्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, माग दुरुस्त करायचं आणि कामगारांवर नजर ठेवायचं काम, मागांचा आवाज दिवसभर ऐकून कानात बसलेला, घरी कुणी हळू बोललं तरी त्यांना वाटायचं की आपल्याबद्दल बोलतात. त्यांच्या मारण्यात एक रीत होती. आधी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढायचं, पट्टा सरळ करून फळीवर ठेवायचं, आणि मग वळायचं. घड्याळ फुटू नये म्हणून. मी त्यांच्या तोंडाकडं कधी बघितलं नाही, घड्याळाकडं बघायचे.

मुलगी लहान असताना एकदा तिनं त्यांच्या चहाच्या कपाला धक्का दिला. चहा मांडीवर सांडला. त्यांनी घड्याळ काढलं आणि तिच्याकडं वळले. मी मध्ये उभी राहिले. त्या दिवशी माझा वरचा एक दात गेला आणि कान आठवडाभर वाजत राहिला. पण त्या दिवसापासून घरात एक न बोललेला करार झाला. राग तिचा आला तरी मार माझ्या अंगावर. अभ्यासात कमी गुण पडले, मला. मैत्रिणीकडून यायला उशीर झाला, मला. ती वीस वर्षांची झाली तरी तिच्या अंगाला बापाचा हात लागला नव्हता. मी जन्मात दुसरं काही राखलं नाही, एवढं राखलं.

पण अलीकडं मालक तिच्याकडं वेगळं बघायला लागले होते. ती उलट बोलायची. "पप्पा, आईला का ओरडता? मीठ मी टाकलंय," असं म्हणायची. ते जेवता जेवता थांबायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, "हिला एकदा चांगली वाजवाय पायजे. तू मधी मधी करून बिगडवली." मी पोळी वाढायचे.

मी खेळात आले ते एका लग्नामुळं. त्या पोरांत चौथी म्हणून आणखी एक मुलगी होती, तिचं लग्न ठरलं आणि तिचं येणं बंद झालं. ती कुऱ्हाडवाली होती. म्हणजे गोष्टीत. तिच्यावाचून बाकीचे एका भुयारात अडकले. बार्शीचा एक मुलगा होता, होस्टेलला राहणारा, उंच आणि घाबरट. तो जादूगार. आणि एक तेलुगू विणकरांच्या घरची मुलगी, ती चोर. दोघांना दरोडेखोरांनी घेरलं होतं.

"आई, तू ये," मुलगी पडदा बाजूला करून म्हणाली.

"मला न्हाई येत ते."

"येण्यासारखं काही नाही त्यात. फासा टाकायचा आणि बोलायचं."

"बोलायचंच तर येत न्हाई."

बार्शीचा मुलगा बाहेरून ओरडला, "काकू, या की. नाहीतर आज आमी मरतोय बघा. माझ्याकडं दोनच मंतर राहिलेत, आणि त्यातला एक दिवा लावायचा हाय."

मी पिठाच्या हातानं बाहेर आले आणि स्टुलाच्या कडेवर बसले. मुलीनं माझ्याकडं बघितलं. घरात ती माझ्याकडं असं सरळ कधी बघत नसे. तिनं विचारलं, "तुझ्यासमोर दरोडेखोर उभा आहे. हातात तलवार. तू काय करतेस?"

"मी बघते," मी म्हणाले.

सगळे हसले. "बघून काय व्हणार काकू, तो मला कापाय लागलाय!"

"मग मी मारते."

"कशानं?"

"कुऱ्हाडीनं."

"कुठं?"

"गुडघ्यावर."

"डोक्यात मारा की," विणकरांची मुलगी म्हणाली.

"उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत आपला हात नीट पोचत नाही," मी म्हणाले. "गुडघ्यावर मारलं की तो खाली येतो. मग डोकं आपल्या हाताशी येतं. केस धरायचे आणि मग मारायचं."

मुलीनं मान खाली घातली. तिला कळलं होतं की हे मला कुणी शिकवलं. मग विणकरांची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही इतके दिवस कुठं होता?"

फासा टाकला. सतरा पडले. दरोडेखोर मेला.

त्यानंतर दर रविवारी मी बसायला लागले. सुरुवातीला माझा आवाज निघायचा नाही. एकदा मला तीन लांडग्यांनी पाडलं, मी घाबरून माझ्या माहेरच्या बोलीत ओरडले, "होडी! कडी!" माझं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं. घरात कानडी, शाळा मराठी, आणि शाळाही चौथीपर्यंतच. लग्न झाल्यावर मालकांनी कानडी बंद केलं होतं, "माझ्या घरात मला कळंल असं बोलायचं." त्यामुळं कितीतरी वर्षांनी ते शब्द तोंडातून बाहेर आले. बार्शीच्या मुलानं विचारलं, "म्हणजे काय?" मी सांगितलं, मार, काप. मुलीनं ठरवलं की कुऱ्हाडवाली दूरच्या मुलखातून आली आहे आणि लढाईत तिच्या भाषेत बोलते. मग तर मला कुणी अडवणारच नव्हतं. विणकरांची मुलगी तेलुगूत शिव्या द्यायला लागली. बार्शीचा मुलगा म्हणायचा, "माझी बिचारी मराठी कुनाला भीती घालना."

मला सगळ्यांत आवडायचं ते लढाई सुरू होतानाचं. आधी कोण आणि नंतर कोण हे फाशावर ठरायचं. कधी शत्रू आधी, कधी आपण. माझा फासा मोठा पडला की मुलगी म्हणायची, "आई, पहिली पाळी तुझी." समोरचा हात उचलायच्या आत मी मारायचे. मी एका सरदाराचा जबडा फोडला. एका राक्षसाचा अंगठा तोडला, मग बोटं, मग हात. बाकीचे म्हणायचे, एकदम मारून टाका. मला एकदम नको असायचं.

एक सवय मी लावली ती बटणांची. मेलेलं बटण मुलगी पुढच्या लढाईत परत वापरायची. मला ते खपायचं नाही.

"तो मेलाय," मी म्हणायचे. "परत कसा उभा राहिला?"

"आई, हा दुसरा दरोडेखोर आहे. बटण तेच आहे फक्त."

"मेलेला परत उठणार असेल तर मारायचं कशाला?"

मग मीच नेलपॉलिश आणलं आणि मेलेल्या बटणावर लाल ठिपका द्यायला लागले. लाल ठिपक्याची बटणं वेगळ्या डबीत. ती परत उठायची नाहीत. डबी भरत आली तसं मला बरं वाटायचं.

खालच्या मजल्यावरच्या मावशींना आमचा आवाज जायचा. एकदा नळावर मला म्हणाल्या, "अगं, रविवारी कुणाला कापतीस गं तू? मी देवाला दिवा लावते आणि वरून आवाज येतो, मुंडकं उडव म्हणून." मी लाजून हंडा उचलला.

एकदा मात्र खेळ थांबला. आम्ही एका टोळीला हरवलं, त्यातला शेवटचा दरोडेखोर गुडघ्यावर बसला, तलवार टाकली, हात वर केले. मुलगी त्याच्या आवाजात म्हणाली, "मला मारू नका, मी शरण आलोय." मग तिनं मला विचारलं, "तू काय करतेस?"

"मी त्याला मारते."

"आई, तो शरण आलाय."

"ऐकलं मी. मारते."

फासा टाकायचीही गरज नव्हती, तो हलणारच नव्हता. मी नेलपॉलिशची बाटली उघडली. बार्शीचा मुलगा म्हणाला, "काकू, सोडा की त्याला," पण मी ठिपका दिला. मान वर केली तर मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. बाप घड्याळ काढायला लागला की ती तसं बघायची. तिनं खडूच्या रेघा पुसल्या आणि म्हणाली, "यापुढं शरण आलेल्याला मारायचं नाही. हा टेबलाचा नियम." मी हो म्हणाले. पण माझ्या मनात आलं, शरण येऊन मी तर कधी वाचले नाही.

जून महिना आमच्या धंद्यात फार वाईट. शाळा सुरू होतात आणि दुकानातून दिवसाला दोन दोन माणसं विचारायला येतात. खाकी बटणं संपली. दुकानातून यायला उशीर होता आणि गठ्ठा संध्याकाळी जायचा होता. मी लाल ठिपक्याची डबी काढली, ब्लेडनं ठिपके खरवडले आणि बटणं लावली. संध्याकाळचा उजेड, डोळे दुखत होते. एका बटणाचा ठिपका तसाच राहिला.

गठ्ठे स्कूटरवरून दुकानात पोचवायचं काम मालकांचं. त्या आठवड्यात दुकानदारानं भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तो शर्ट त्यांच्या अंगावर टाकला. "पोराच्या छातीवर रक्ताचा ठिपका लावून देताय व्हय? घरात करता काय तुमी?" मालक शर्ट घेऊन परत आले, पण वर यायच्या आधी खालच्या मावशींना विचारलं. मावशींना काय माहीत. त्या हसून म्हणाल्या, पोरं येतात की रविवारी, खेळतात, तुमची बायको पण खेळते, लई मारामारी करते.

मालक त्या दिवशी मला काही बोलले नाहीत. शर्टही दाखवला नाही. दुकानात आणि खाली मावशींकडं काय झालं हे मला फार नंतर कळलं. ते रविवारची वाट बघत होते.

रविवारी जेवून ते गेले. पोरं आली. आम्ही एका पुलावर लढत होतो, माझी पाळी होती, आणि जिन्यावर पावलं वाजली. मालक दारात उभे राहिले. हातात तो शर्ट.

"चालू द्या," ते म्हणाले. "मलाबी बघू द्या."

मी हातातला फासा टेबलावर ठेवला.

ते आत आले आणि त्यांनी शर्ट टेबलावर टाकला, खडूच्या पुलावर. "हे काय हाय?" त्यांनी मला विचारलं. मी बटणावरच्या लाल ठिपक्याकडं बघत राहिले. त्यांनी टेबलावरून हात फिरवला, बटणं भिंतीवर उडाली. एक बार्शीच्या मुलाच्या डोळ्याजवळ लागलं. तो उभा राहिला तशी मालकांनी त्याच्या कानाखाली वाजवली. तो भिंतीवर आदळला, चष्मा पडला. "बायामाणसांच्या घरात येतोस व्हय, भाड्या?" विणकरांची मुलगी रडायला लागली.

"पप्पा!" मुलगी मध्ये आली. "त्याला हात लावू नका. मी बोलावलंय सगळ्यांना. माझं घर आहे हे."

"तुझं घर?"

"हो. आणि आईचं. ती शिवते म्हणून भाडं जातं या घराचं."

मालकांनी तिच्याकडं बघितलं. मग त्यांनी उजव्या हातानं डाव्या मनगटावरचा पट्टा सोडला. घड्याळ काढलं. फळीपाशी गेले. ठेवलं. आणि वळले ते माझ्याकडं नाही, मुलीकडं वळले.

मी त्यांच्यामध्ये जायला हवं होतं. आजवर तेच केलं होतं. पण टेबल मध्ये होतं, मी टेबलाच्या आतल्या बाजूला होते, आणि माझ्या हाताशी कापड मोजायचा लोखंडी गज होता. मी उभी राहिले आणि तोंडातून जे आलं ते मोठ्यानं आलं, रविवारी टेबलावर बोलायचे तसंच.

"मी गज उचलते," मी म्हणाले. "मी याच्या मनगटावर मारते."

मालक थांबले. आयुष्यात त्यांनी माझ्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. त्यांचा हात वर होता आणि त्यांची मान माझ्याकडं वळली होती, जणू मी दुसऱ्याच कुणाला तरी सांगतेय. तेवढा वेळ पुरला. मी मारलं. हाड मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा आला. ते ओरडले नाहीत. खाली बसले, हात पोटाशी धरला, तोंड पांढरं पडलं.

मी गज परत उचलला. या वेळी डोकं माझ्या हाताशी होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं, केस विरळ झालेले, टाळूवर घाम. मुलीनं दोन्ही हातांनी गज धरला. "आई. खाली बसलेत ते. आई." मी ओढत होते आणि ती ओढत होती. शेवटी तिनं माझ्या हाताला चावलं, तेव्हा मी सोडला.

सरकारी दवाखान्यात मालकांनी डॉक्टरांना सांगितलं, स्कूटरवरून पडलो. मी बाजूला उभी होते. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

घरी परत आल्यावर मी मुलीची वेणी घालायला तिच्या केसांना हात लावला. ती झटकन मागं सरकली. मग लगेच पुढं आली, "घाल, घाल," म्हणाली. पण ते मागं सरणं मी बघितलं होतं.

प्लास्टरचे दिवस फार शांत गेले आणि मला त्यांची फार भीती वाटली. उजवा हात बांधलेला असल्यामुळं मालकांना आंघोळीआधी घड्याळ काढता येत नव्हतं. मला बोलवायचे. मी पट्टा सोडायचे आणि ते माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळू म्हणायचे, "आता तू काढ. हात सुटू दे, मग मी काढतो." जेवताना मी घास भरवायचे, ते चावता चावता मुलीकडं बघायचे. "आधी हिचा हिशेब. मग तुझा. आता मधी यायचं काम न्हाई, तू हात उचललास माझ्यावर. करार मोडला तू."

तो करार त्यांनाही इतक्या नीट माहीत होता, हे मला तेव्हा कळलं.

मुलीनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना जिन्यात म्हणाली, "प्लास्टर निघायच्या आत आपण जायचं."

"कुटं?"

"विणकरांकडं मागाची खोली रिकामी आहे. तिनं घरी विचारलंय."

"लोक काय म्हणतील?"

"आई, लोकांनी आजवर काय म्हटलं?"

तरी मी हो म्हणाले नाही. बॅग भरायची, परत रिकामी करायची, असं माझं चाललं होतं. शेवटी एका सकाळी पोरंच टेम्पो घेऊन आली. बार्शीच्या मुलाच्या डोळ्याखाली अजून निळं होतं. टेबलाचं एक टोक त्यानं धरलं. मालक दारात आले आणि डाव्या हातानं त्याची कॉलर धरली. "तू परत आलास व्हय रं?" शर्टाचा खिसा फाटला. मुलगा म्हणाला, "काका, टेबल जड हाय, बाजूला व्हा," आणि त्याचा आवाज रडका होता, पण त्यानं टेबल सोडलं नाही. मालकांनी जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या माझ्या शिलाई मशीनला लाथ घातली. मशीन जिन्याच्या दोन पायऱ्या खाली गेलं, विणकरांची मुलगी त्याच्यापुढं आडवी झाली, तिच्या नडगीचं साल निघालं. खालच्या मावशी दारात येऊन बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बास करा की आता, माणसा." तेवढंच. पण आजवर तेवढंही कुणी म्हटलं नव्हतं.

नवीन खोलीत जमिनीत मागाचे खड्डे तसेच होते. आम्ही त्यावर फळ्या टाकल्या आणि टेबल ठेवलं. आजूबाजूला सगळी तेलुगू घरं, सकाळपासून मागांचा खटखट आवाज. मुलगी पहिल्या रात्री गाढ झोपली.

प्लास्टर कधी निघणार हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं आठवत होतं. त्या दिवशी मी मुलीला म्हणाले, कॉलेज सुटलं की तुझ्या वर्गातल्या त्या दुसऱ्या मैत्रिणीकडं जा, तिच्या आईनं बोलावलंय, जेवूनच ये. कुणी बोलावलं नव्हतं. मुलगी गेली. मी मशीनवर बसले आणि प्रत्येक पावलाला मान वर करत राहिले.

मालक दुपारी आले. हात बारीक झाला होता, कातडी पांढरी आणि सुरकुतलेली. आत येऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"कुटं हाय ती?"

"न्हाई सांगत."

"कॉलेजात जातो मग. समद्यांच्या समोर घेतो."

मी उठून दाराला पाठ लावली. म्हणजे ते आत होते आणि बाहेर जायची वाट मी अडवली होती. त्यांनी मारलं. बोटं अजून नीट वळत नव्हती, तरी लागलं. माझं डोकं कडीवर आपटलं, कानामागून रक्त आलं. मी दार सोडलं नाही. त्यांनी परत मारलं, पोटात, मग तोंडावर. कात्री टेबलावर होती, दोघांनीही ती बघितली, पण तिच्यापर्यंत जायचं तर मला दार सोडावं लागलं असतं. मी माझ्या बोलीत ओरडले, "आकिन मुट्टब्याड! आकिन मुट्टब्याड!" तिला हात लावू नको. इतक्या जोरात की शेजारचा माग बंद पडला. मग त्याच्या पलीकडचाही. बायका धावत आल्या. त्यांना माझं कानडी कळलं नसेल, पण ओरडणं कळलं. त्यांनी बाहेरून दार ढकललं, मी पुढं पडले, आणि मग पाच-सहा बायकांनी मालकांना बाहेर ओढलं. कुणीतरी चप्पल हाणली. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांना तसंच हाणत नेलं.

संध्याकाळी मुलगी आली. माझ्या कानामागची पट्टी आणि सुजलेला ओठ बघून दारातच थांबली.

"ते आले होते."

"हो."

"तुला माहीत होतं आज येणार म्हणून. म्हणून मला पाठवलंस."

मी कानामागच्या पट्टीवर पदर ओढला.

ती ओरडायला लागली. लहानपणापासून ती बापावर ओरडली होती, माझ्यावर कधी नाही. "परत मध्ये उभी राहिलीस! मला सांगायचं होतंस. आपण दोघी राहिलो असतो, पोलिसांत आधीच गेलो असतो. मी काय लहान आहे? तुझ्या अंगावर सगळं घेऊन तू मला काय दिलंस, सांग ना. मला रोज वाटतं की माझ्यामुळं तुला लागतं. रोज! उद्या सकाळी आपण चौकीत जायचं, दोघी, आणि तू सगळं सांगायचं. गजाचंही. ऐकलंस?"

मी मान हलवली. ती खरं बोलत होती, आणि उद्या मी जाणार होते, बोलणार होते. पण ती दिव्याखाली उभी राहून ओरडत होती, आणि मी तिचं तोंड बघत होते. दोन्ही गाल, कपाळ, ओठ. कुठंही एकही वळ नव्हता.